मेघ, मुलतानी आणि जमैकाचा सॅक्सोफोन

1966 साली ‘इंडो-जॅझ सूट’ नावाची एक तबकडी बाजारात आली. तीत वाजवणारे दहा जण आहेत. अल्टो सॅक्सोफोनवर जमैकातल्या किंग्स्टनचा जो हॅरियट, ट्रम्पेटवर एडी ब्लेअर, पियानोवर पॅट स्माइथ, बासवर डब्लिनमध्ये जन्मलेला रिक लेअर्ड आणि ड्रमवर अ‍ॅलन गॅनली. ही जॅझची पाच माणसे. समोरच्या पाचांत फ्लूटवर ख्रिस टेलर, सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर, तबल्यावर केशव साठे आणि व्हायोलिन व हार्पसिकॉर्डवर जॉन मेयर. चारही रचना मेयर यांच्या. त्यांतल्या दोहोंची नावे थेट रागांची आहेत: मेघ आणि गौड सारंग.

साठे आणि पैंगणकर ही नावे वाचून मराठी वाचक थबकेल. थबकावेच. भारतीय वाद्ये आणि जॅझ यांच्या भेटीचा इतिहास आपण आजवर मोठ्या नावांच्या तारखांनी मोजत आलो. 1961 मध्ये जॉन कोल्ट्रेनने न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये ‘इंडिया’ वाजवले. 1962 मध्ये रविशंकरांच्या ‘इम्प्रोव्हायझेशन्स’मध्ये बड शँकची फ्लूट आली. 1965 मध्ये बीटल्सच्या गाण्यात सतार वाजली. 1975 मध्ये जॉन मॅक्लॉक्लिन आणि झाकिर हुसेन यांची ‘शक्ती’ रंगमंचावर उभी राहिली. या तारखा खऱ्या आहेत. त्यांच्या ओळीतून मात्र एक समज घट्ट झाला, की पश्चिमेचा थकलेला कलावंत पूर्वेकडे वळला, पूर्वेने त्याला ज्ञान दिले आणि त्यातून नवे संगीत झाले. मेयर यांचे आयुष्य नीट पाहिले की हा समज टिकत नाही. या मेळाचा पाया ज्यांनी घातला ती माणसे दोन्ही घरांत वावरलेली होती, आणि दोन्ही घरांनी त्यांना पुरते आपले मानले नाही.

मेयर जन्मले दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कलकत्त्यात, अँग्लो-इंडियन घरात. कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिकमध्ये फिलिप सांद्रे यांच्याकडे ते पाश्चात्त्य व्हायोलिन शिकले आणि सनातन मुखर्जी यांच्याकडे भारतीय संगीत. पुढे मुंबईत मेहली मेहता यांचे मार्गदर्शन मिळाले. झुबीन मेहतांचे वडील आणि बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक, तेच हे मेहली. 1952 मध्ये शिष्यवृत्तीवर मेयर लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाले. मात्याश झायबर यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचा अभ्यास केला. पोटासाठी आधी लंडन फिलहार्मोनिक आणि मग रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवले. 1958 मध्ये त्यांनी सतार, फ्लूट, तबला, तंबोरा आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी ‘डान्स सूट’ लिहिला. बीटल्सचा पहिला रेकॉर्ड निघायलासुद्धा तेव्हा चार वर्षे बाकी होती.

म्हणजे मेयर यांच्या शिक्षणाला दोन्ही बाजूंना गुरू होते, दोन्ही बाजूंना रियाज होता. राग आणि पाश्चात्त्य स्वरलिपी या दोन्ही गोष्टी त्यांना लहानपणापासून ठाऊक होत्या. त्यांना कुणी ‘पूर्वेचा शोध’ लावून द्यायची गरज नव्हती.

जॅझही कलकत्त्याला आणि मुंबईला परका नव्हता. 1935 मध्ये लिऑन अ‍ॅबी हा आफ्रिकन-अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्यात स्थिरावला आणि 1945 मध्ये तिथेच कॉलऱ्याने गेला. या परदेशी वादकांच्या शेजारी बसून वाजवायला शिकले ते प्रामुख्याने गोव्याचे ख्रिस्ती वादक. चर्चशाळांत नोटेशन शिकलेली ही मुले रात्री हॉटेलात जॅझ वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत. हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचा सहायक झाला आणि 1951 च्या ‘अलबेला’त तो आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसला. माझुर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय आणि पाश्चात्त्य वादकांचा ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. मेयर यांचा ‘डान्स सूट’ लंडनमध्ये लिहिला गेला त्याच वर्षी. एकमेकांपासून हजारो मैल दूर दोन माणसे एकाच प्रश्नाशी झगडत होती. योगायोग म्हणून हे सोडून देता येत नाही. वसाहतीच्या शहरांनी असे दुहेरी शिक्षण झालेली एक पिढीच घडवली होती आणि ती आता आपले काम मांडू लागली होती.

इंडो-जॅझचा प्रारंभ मात्र जवळजवळ अपघाताने झाला. 1964 मध्ये निर्माते डेनिस प्रेस्टन यांना एका तबकडीवरची थोडी रिकामी जागा भरायची होती. जॅझ आणि भारतीय संगीत यांचा मेळ असलेली एखादी छोटी रचना आहे का, असे त्यांनी मेयर यांना विचारले. मेयर ‘आहे’ म्हणाले. प्रत्यक्षात काहीच नव्हते. रात्रभर बसून त्यांनी ‘नाइन फॉर बेकन’ लिहून काढले. काही महिन्यांनी अटलांटिक रेकॉर्ड्सच्या अहमेत एर्तेगुन यांच्या कानावर ते पडले आणि जो हॅरियटला घेऊन पूर्ण तबकडी करा, अशी सूचना त्यांच्याकडून आली. त्यातून ‘इंडो-जॅझ सूट’ झाले, 1967 मध्ये ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ आणि 1968 मध्ये त्याचा दुसरा भाग. आज ‘फ्यूजन’ या नावाखाली जे जे काही विकले जाते त्याच्या बरेच आधी हा शब्द मेयर यांच्या तबकडीवर छापला गेला होता.

हे काम अवघड का होते, हे हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला चटकन कळेल. भूप आणि देशकार यांचे स्वर एकच, तरी राग वेगळे, हे आपल्याकडे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतात. तोडी आणि मुलतानी यांच्यातही कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत हे सामान सारखेच. मुलतानीच्या आरोहात रिषभ-धैवत टाळले की आणि मींड वेगळ्या वाटेने घेतली की दुपार कलते, तोडीची सकाळ मागे राहते. मेघाचे पाच स्वर मधमाद सारंगाचेही आहेत. रिषभावरचे आंदोलन आणि मध्यमावरून त्यावर येण्याची रीत गेली तर मेघ उरत नाही. गौड सारंग तर चालीनेच वाकडा आहे. सरळ सप्तक वाजवले की तो हरवतोच. मेयर यांनी निवडलेले राग हे असे आहेत. ‘फ्यूजन्स’च्या पहिल्या भागात त्यांनी मुलतानीही घेतला. सोप्या वाटेने जायचे असते तर शिवरंजनी किंवा पहाडी होतेच की.

जॅझच्या वादकाला हे सगळे उलटे पडते. तो वाढलेला असतो कॉर्डच्या चालीवर. पियानो आणि बास दर काही मात्रांनी जमीन बदलत जातात आणि सॅक्सोफोन त्या बदलांवरून उड्या घेत आपली सुरावट रचतो. तंबोरा जमीन बदलत नाही. तो षड्ज धरून बसतो. बदलाचा सगळा भार मग एकट्या सुरावटीवर येतो. तालाचेही तसेच. जॅझच्या चार मात्रांत वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते, त्यातूनच त्याचा झोका येतो. आपल्याकडे सगळ्या वाटा समेकडे जातात. एकाच खोलीत ड्रमवर गॅनली आणि तबल्यावर साठे बसले की कुणी कुणाच्या हिशोबाने चालायचे, हा रोजचा प्रश्न होता. मेयर यांनी तो लिहून सोडवला. कुठे दोन्ही पंचके एकत्र येतील, कुठे एक थांबेल, तिहाई कुठे पडेल, हे कागदावर ठरलेले होते. जॅझवादकांना मोकळीक होती, पण रागाच्या स्वरांच्या चौकटीत.

या मोकळिकीसाठी हॅरियटच का योग्य होता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूल या अनाथ मुलांच्या शाळेत वाढलेला हा वादक 1951 मध्ये इंग्लंडला आला. नोव्हेंबर 1960 मध्ये त्याने ‘फ्री फॉर्म’ ध्वनिमुद्रित केले. ठरलेली कॉर्डची चाल आणि ठरलेले आवर्तन या दोन्ही गोष्टी त्यात त्याने सोडून दिल्या होत्या. अमेरिकेत ऑर्नेट कोलमन त्याच दिशेने जात होता, पण हॅरियटने ही वाट आपल्या विचाराने काढली होती. कॉर्डचा आधार नसताना केवळ सुरावटीवर उभे राहणे त्याला येत होते. मेयर यांना नेमका असाच वादक हवा होता. पूर्ण स्वातंत्र्य मागणारा वादक रागाच्या कडक शिस्तीत कसा रमला, असे विचारले जाते. उत्तर सॅक्सोफोनमध्येच ऐकू येते. ओठांनी सूर वाकवून तो मींडेच्या इतका जवळ जातो, की शेजारचा पियानो आपल्या ठरलेल्या पट्ट्यांमुळे कोरडा वाटू लागतो.

या तबकड्या निर्दोष नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मुलतानीचा उतरलेला रिषभ-गंधार पियानोवर मिळत नाही. काही ठिकाणी राग आटून नुसते सप्तक उरते. दोन्ही पंचके कधी कधी मिसळण्याऐवजी आळीपाळीने वाजतात. सतारीला विस्तारासाठी जी उसंत हवी ती तबकडीच्या एका बाजूच्या वीसेक मिनिटांत मिळणे शक्यच नव्हते. आलापाच्या सवयीने ऐकायला बसलेला श्रोता अस्वस्थ होईल. या उणिवा प्रामाणिक प्रयत्नातून आलेल्या आहेत. मेयर यांनी अडचण झाकली नाही, ती श्रोत्यासमोर मांडली. पुढच्या मंडळींना कुठून सुरुवात करायची ते त्यामुळेच कळले.

हे सगळे घडत होते तेव्हाचे लंडन कसे होते? प्रेस्टन यांचा लॅन्सडाऊन स्टुडिओ हॉलंड पार्कमध्ये होता. शेजारच्याच नॉटिंग हिलमध्ये 1958 च्या उन्हाळ्यात कॅरिबियन वस्तीवर गोऱ्या टोळ्यांनी हल्ले केले होते. 1962 च्या कायद्याने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध आले. एप्रिल 1968 मध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्धचे ते कुप्रसिद्ध भाषण केले, आणि ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’चा दुसरा भाग निघाला तोही याच वर्षी. जमैकाचा कृष्णवर्णीय, कलकत्त्याचा अँग्लो-इंडियन, मुंबईचा मराठी तबलजी आणि ब्रिटिश वादक यांनी एका मंचावर बसून वाजवणे, या काळात हे साधे काम नव्हते. त्यांनी भाषणे केली नाहीत. कार्यक्रम केले. हॅरियटच्या शेवटच्या वर्षांत काम आटले, पैसा आटला, आणि 2 जानेवारी 1973 रोजी साउथॅम्प्टनमध्ये कर्करोगाने तो गेला. वय 44.

केशव साठे यांच्याविषयी इथे थोडे थांबून लिहायला हवे, कारण मराठीत ते फारसे कुणी लिहिलेले नाही. मुंबईहून 1950 च्या दशकात लंडनला गेलेले साठे मेयर यांच्या तिन्ही तबकड्यांचा कणा आहेत. 1967 मध्ये योआखिम-एर्न्स्ट बेरेन्ट या जर्मन निर्मात्याने ‘जॅझ मीट्स इंडिया’ ही तबकडी काढली. तीत स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सर, ट्रम्पेटवादक मानफ्रेड शूफ आणि सॅक्सोफोनवादक बार्नी विलेन यांच्यासमोर मोतीहार, साठे आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर आहेत. ही तबकडी मेयर यांच्या कामापेक्षा खूपच सैल आणि खूपच धाडसी आहे. ठरवून लिहिलेले फार कमी, एकमेकांना ऐकून वाजवलेले जास्त. युरोपच्या मुक्त जॅझचा ड्रमर कोणत्याही क्षणी ठेका उधळून देईल अशा वातावरणात साठे यांचा हात शांत राहतो. 1972 मध्ये ते ‘मॅजिक कार्पेट’ या लोकसंगीताच्या वळणाच्या चमूत होते. पुढे गिटारवादक जॉन रेनबर्न यांच्या चमूत जुन्या इंग्रजी लोकगीतांना त्यांनी तबल्याची साथ केली. ख्यालाच्या ठेक्यापासून श्वाइत्सरच्या पियानोपर्यंत आणि तिथून इंग्रजी बॅलडपर्यंत एकच माणूस जातो, आणि प्रत्येक ठिकाणी साथीदाराचा धर्म पाळतो. आपल्या तबल्याच्या इतिहासात घराण्यांच्या वंशावळी असतात, तशी या साथीचीही नोंद हवी. बीटल्सच्या ‘लव्ह यू टू’मध्ये तबला वाजवणारे अनिल भागवतही लंडनमधल्या याच पिढीचे. त्यांचे नाव ‘रिव्हॉल्व्हर’च्या वेष्टनावर छापले आहे, पण किती मराठी घरांत ते ठाऊक आहे?

मुंबईतही काम थांबले नव्हते. 1968 मध्ये शंकर-जयकिशन यांनी ‘रागा-जॅझ स्टाइल’ काढली. अकरा राग, सतारीवर रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग. चित्रपटसंगीताच्या वेगवान घाटामुळे रागाचा विस्तार तीत होत नाही, पण वादकांची तयारी थक्क करणारी आहे. 1978 च्या फेब्रुवारीत निरंजन झवेरी आणि ‘जॅझ इंडिया’ने मुंबईच्या रंगभवनात पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवली. सॉनी रॉलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक धोबी तलावाच्या उघड्या मंचावर वाजवून गेला. गोव्याचे ब्राझ गोन्साल्विस, लुई बँक्स आणि कर्नाटक संगीत गाणाऱ्या रमामणी यांनी मिळून जे संगीत उभे केले ते याच वातावरणातले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम बंद पडले, आणि शहराने या संगीताचे हक्काचे घर गमावले. शेजारच्या रुग्णालयांच्या शांततेचा मान ठेवायलाच हवा. त्या बदल्यात शहराने दुसरी तशी परवडणारी जागा द्यायला हवी होती. ती दिली नाही.

‘शक्ती’चे मोठेपण सर्वांना माहीत आहे. 2024 च्या ग्रॅमीपर्यंतचा तो प्रवास मी इथे पुन्हा सांगत नाही. मॅक्लॉक्लिनच्या आधीच्या ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’त बास वाजवणारा रिक लेअर्ड त्याआधी मेयर यांच्या ‘इंडो-जॅझ सूट’मध्ये होता, एवढी एकच गोष्ट नोंदवतो.

शुद्धतेचा आक्षेप या सगळ्यावर आपल्याकडे येत राहिला. रागाची मोडतोड होते, वाद्ये परकी आहेत, वगैरे. मराठी माणसाने हा आक्षेप घेताना थोडे मागे वळून पाहावे. युरोपातून आलेली हार्मोनियम मराठी रंगभूमीने आपलीशी केली. गोविंदराव टेंब्यांच्या बोटांतून ती नाट्यसंगीताची जीभ झाली. आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला 1971 उजाडले. तेवढ्या काळात पेटी मैफलीतून गेली नाही, आणि संगीतही बुडाले नाही. वाद्य कुठून आले यापेक्षा वाजवणाऱ्याने रागापाशी किती वेळ घालवला, हा प्रश्न खरा आहे. त्या कसोटीवर मेयर उतरतात. मागून सतार झणझणवणारे आणि त्याला पूर्व-पश्चिम संगम म्हणणारे आजचे बहुतेक कार्यक्रम उतरत नाहीत, आणि हे स्पष्टपणे म्हणायला समीक्षकांनी कचरू नये.

मेयर 1989 पासून बर्मिंगहॅम कॉन्झर्व्हेटोअरमध्ये शिकवत होते. 1995 मध्ये त्यांनी ‘इंडो-जॅझ फ्यूजन्स’ नव्या वादकांसह पुन्हा उभे केले. त्यांचा मुलगा जोनाथन सतार वाजवू लागला होता. 1997 मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून तिथे भारतीय संगीतातली पदवी सुरू झाली. पॉवेल यांचे भाषण झाले त्याच शहरात. 9 मार्च 2004 रोजी उत्तर लंडनमध्ये मोटारीची धडक बसून मेयर गेले.

आपल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांत बंदिशी, घराणी, थाट हे सारे शिकवले जाते आणि ते हवेच. त्याच वर्गात एक तास मेयर यांच्या मुलतानीला द्यावा. तोडीपासून तो कुठे वेगळा राहिला आणि कुठे घसरला, हे विद्यार्थ्यांनी स्वतः कानाने ठरवावे. आणि गोवा, मुंबई, पुणे, लंडन इथल्या ज्या घरांत जुन्या वादकांच्या नोटेशनच्या वह्या, करारपत्रे, कार्यक्रमपत्रिका, टेप पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. मुंबईच्या एनसीपीएसारख्या संस्थेकडे किंवा जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे त्या नेऊन द्याव्यात आणि पोच घ्यावी.